दोन पोती तूर आणि गोदामामीची ट्रॉली

आमच्या तालुक्याच्या गावात साहेबांच्या जीपला पत्र्याचं छप्पर होतं. एसटीला स्टँड होता. काळीपिवळीला वडाखालची जागा होती. टांगे बंद पडून जमाना झाला, तरी टांग्यांसाठी राखलेला कोपरा तसाच होता. जागा नव्हती ती फक्त अठरा माणसं घेऊन आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला. आणि आमच्याकडची खेड्यातली माणसं घरदार घेऊन बाहेर पडायची ती ट्रॉलीनंच. बस्ता बांधायला, दवाखान्यात, जत्रेला, सोयरिकीला. हे कुणाला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

गोदामामीला वाटलं. म्हणून हे लिहितोय.

ती माझी सख्खी मामी नव्हे, शेजारची. माहेर हसनाबादकडचं. तिचे आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे, वडिलांनी जमीन धरली आणि मेंढरं सुटली. पण हिंडणाऱ्या माणसाचा डोळा काही सुटला नव्हता. कुठल्याही नव्या ठिकाणी गेली की मामी आधी सावली कुठं पडते ते बघायची, मग पाणी, मग वाट. माणसं सगळ्यात शेवटी. म्हणायची, "आमचा आजा दोनशे मेंढरं घिऊन फिरायचा. रोज कुणाच्या तरी रानात बसवायची. जागा कशी मागायची ते आमच्या रक्तात हाये बाबा. भीक न्हाई मागायची, जागा मागायची. दोन्हीत फरक हाये."

नवरा दगडूमामा. हिवाळाभर अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस वाहायचा, बाकीचे महिने ट्रॅक्टर घरचा. बोलणं कमी. पुढं जायचं असलं की हा माणूस वाघ. रिव्हर्स घ्यायचा म्हटलं की गमछानं कपाळ पुसायला लागायचा. ज्यांनी ट्रॉली मागं घेतलेली नाही त्यांना हे कळायचं नाही. स्टेअरिंग एकीकडं फिरवलं की ट्रॉलीचं बूड दुसरीकडं जातं. जरा जास्त झालं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे मिटतात आणि सगळा रस्ता अडतो. त्यात मागं उभी राहून सांगणारी मामी आणि सीटवर वळून बसलेला मामा, यांचं डावं-उजवं कधी जमायचं नाही. "डावीकडं!" "तुझ्या का माझ्या?" यावर भर बाजारात दोघांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

मग मामीनं तोड काढली. त्यांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा असला की मामाच्या एका हाताला विहीर आणि दुसऱ्या हाताला शाळा. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही गावात मामी ओरडायची, "विहिरीकडं घ्या! आणखी विहिरीकडं! आता शाळेकडं, बिलकुल थोडं! बस!" आणि ट्रॉली लोण्यातून सुरी जावी तशी आत जायची.

एकदा स्टँडाच्या बाजूला हे चाललेलं असताना हवालदार आला. बराच वेळ इकडं-तिकडं बघत राहिला.

"बाई, विहीर कुठंय इथं?"

"आमच्या घरी हाये."

"मग इथं काय ओरडता?"

"तुमच्या कामाची न्हाई सायब ती. धन्याला कळती, बास झालं."

"ते राहू द्या. ट्रॉली हटवा आधी."

"कुठं नेऊ?"

"गावाबाहेर."

"मंग दवाखाना, कापडाची दुकानं, समदं गावाबाहेर नेता का? आम्हाला बी सोपं जाईल."

हवालदार हसला. हसूनही ट्रॉली हटवायलाच लावली. आपल्याकडं हसऱ्या माणसांकडूनही अन्याय होतो, हे मी तेव्हा शिकलो.

ट्रॉली बाहेर काढायची म्हणजे मामीचा एक दिवस आधीपासून सोहळा. ऊस, खत, विटा वाहिलेली ट्रॉली ती दोन वेळा धुवायची. तळाला कडबा, त्यावर वाकळा. बांबू वाकवून वर ताडपत्रीचं छत. पाण्याचा माठ कोपऱ्यात दोरीनं बांधलेला, तोंडाला फडकं. बसायच्या जागा तीच ठरवायची. चाकाच्या बराबर वर कमी हादरे बसतात, तिथं अवघडलेली बाई नाहीतर कौसाआत्या. मागच्या फाळक्याशी पोरं नाहीत, तिथं जावा-जावा, "भांडत्याल, पन पडणार न्हाईत." फाळका म्हणजे ट्रॉलीची मागची फळी. ती मामीशिवाय कुणी उघडायची नाही.

कौसाआत्या म्हणजे मामीची नणंद. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला. लग्न झालं नाही. भावाच्या घरीच राहिली. काठी घेऊन शंभरेक पावलं चालायची, त्यापुढं नाही. शिवणात हात असा की गावातल्या निम्म्या चोळ्या तिच्या हातच्या. कापड नुसतं चिमटीत धरून सांगायची की हे दोन धुण्यात आटणार. पण कापडाचं दुकान तिनं उभ्या आयुष्यात आतून पाहिलेलं नव्हतं. कापड तिच्याकडं यायचं. ती कापडाकडं गेलेली नव्हती.

मामीच्या थोरल्या लेकीचं, लीलाचं, लग्न ठरलं तेव्हा बस्त्याला कौसाआत्या पण निघाली. आमच्याकडं बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचं सगळं कापड एका दिवसात घेतात. सकाळी दुकानात बसायचं ते दिवस मावळताना उठायचं. कौसाआत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. गाव येईपर्यंत ती छताखालून बाहेर बघत होती.

स्टँडापाशी उभं राहू दिलं नाही. शाळेच्या भिंतीपाशी शिपाई धावून आला. दवाखान्यापुढं "पेशंट आहे का? मग निघा." मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मोठ्या फाटकापाशी रखवालदारानं विचारलं, "माल काय आणला?"

"माणसं आणलीत," मामी म्हणाली.

"मालाच्याच गाडीला आत परवानगी आहे."

हीच ट्रॉली आठ दिवसांआधी तूर घेऊन आली तेव्हा त्याच रखवालदारानं फाटक सताड उघडून "या मालक" म्हटलं होतं. तूर आली की मालक. तुरीला निंदणारी, खुरपणारी बाई आली की अडथळा.

शेवटी ट्रॉली नाल्यापलीकडं, दोन किलोमीटरवर, उन्हात लावली. तिथून कौसाआत्या चालत येणं शक्य नव्हतं. सामान राखायला कुणीतरी हवंच, असं म्हणून तीच म्हणाली, "जा तुम्ही. मी बसते." बाकी सगळे गेले. दिवसभर गेले.

दिवस कलताना परत आलो. सगळे दमलेले, गठुडी वर चढवत होते. मामीनं माठातनं पाणी घ्यायला तांब्या बुडवला आणि थांबली. माठ काठोकाठ भरलेला होता.

"कौसाबाई, पाणी न्हाई पेलं?"

"तहान न्हाई लागली."

"एवढ्या उन्हात?"

आत्यानं पदर सारखा केला. मामीनं परत विचारलं. मग आत्या हळूच म्हणाली, "पिऊन जाऊ कुठं वहिनी? समदीकडं उघडं रान. रस्त्यानं माणसं चालून राह्यली."

लीलाच्या शालूचा काठ आत्याला दाखवायला कुणीतरी गठुडं सोडत होतं. मामी म्हणाली, "बांध ते." घरी उतरल्यावर मला म्हणाली, "सुदा, धाकलीच्या बस्त्याला कौसाबाई दुकानात बसल. गादीवर बसल. न्हाई बसली तर बस्ता बांधायचा न्हाई. लगीन अंगावरच्या लुगड्यावर लावीन."

मी तेव्हा नुकताच कॉलेजातून सुटून संघटनेत जायला लागलो होतो आणि पत्रकं लिहायचो. मामीच्या प्रश्नावर मी रात्रभर जागून दोन पानी पत्रक लिहिलं. शोषण, दडपशाही, ग्रामीण स्त्रीची कुचंबणा, सगळं त्यात होतं. सकाळी तिला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "चांगलं लिवलंय. पन ट्रॉली कुठं उभी करायची ते कुठं लिवलंय?"

नव्हतं लिहिलेलं.

"तीन गोष्टी लिव. सावली. पाण्याचा नळ. आन बायांना आडोसा. खाली लिव, मोंढ्यात तिन्ही हायेत, फाटक उघडा. बास."

हे खरं होतं. मोंढ्यात ओळीनं कडुलिंबाची झाडं होती, नळ होता, मागं भिंतीकडं संडास होते. कापडगल्ली फाटकाच्या समोर, शंभर पावलांवर. आम्ही तेवढ्याच चार ओळी छापल्या, वाटल्या, बाजार समितीला अर्ज दिला. अर्जावर शिक्का बसला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला. त्यावरही शिक्का बसला. मी मोर्चाची भाषा करायला लागलो. मामी म्हणाली, "थांब जरा. त्यायचा नियम काय म्हनतो ते मला आधी बराबर सांग."

नियम मी शोधून आणला. मालाची गाडी हर्राशी होईपर्यंत आवारात उभी राहू शकते. हर्राशी म्हणजे लिलाव. तो दुपारी उशिरा व्हायचा. माल किती असावा याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं.

"किती बी?"

"किती बी."

मामी हसली. तिचे दात मोठे होते आणि ती क्वचितच असं सगळे दात दाखवून हसायची.

धाकटीचं, मंदाचं, लग्न ठरलं. बस्त्याच्या दिवशी ट्रॉली तशीच सजली. कडबा, वाकळा, छत, माठ, अठरा माणसं, चाकावरच्या जागेत कौसाआत्या. फरक एकच. मागं फाळक्याला टेकून दोन पोती तूर.

फाटकावर रखवालदारानं विचारलं, "माल काय?"

"तूर," दगडूमामा म्हणाला. तो एवढाच शब्द बोलणार हे ठरलेलं होतं, आणि तेवढ्यालाही त्याला घाम फुटला होता.

फाटक उघडलं. ट्रॉली आत गेली. मामी खाली उतरली, लिंबाच्या सावलीकडं बघितलं, आणि भर मोंढ्यात तिचा आवाज घुमला, "विहिरीकडं! आणखी! शाळेकडं! बस!" मग मामानं मधली पिन काढली, ट्रॉलीच्या दांडीखाली लोखंडी टेकू लावला, आणि मामीनं सांगितल्याप्रमाणं नुसता ट्रॅक्टर घेऊन चाकांची हवा बघायला निघून गेला. ट्रॉली उभी. ओढायला काही नाही. मग मामीनं फाळका उघडला, दोन पोती खाली घेतली आणि पोत्यांच्या मागून एकेक बाई उतरायला लागली.

बाजार समितीचे सचिव धावत आले. पांढरा सफारी, कानामागं पेन.

"हे काय चाललंय? ही काय धर्मशाळा आहे?"

"माल आणलाय सायब."

"कुठाय माल?"

"हे काय. दोन पोती. हर्राशीची वाट पाहून राह्यलो."

"आणि या बायका?"

"मालासंगं आल्या. पिकवली त्यायनीच, विकायला नको यायला?"

"ट्रॉली बाहेर काढा. ताबडतोब."

"काढली असती. ट्रॅक्टरच न्हाई ना जी. धनी हवा पाह्यला गेले. जल्दी यायला सांगते."

सचिवांनी आवारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांकडं हात केला. कुणीतरी आपला ट्रॅक्टर लावा आणि ही ट्रॉली ओढून रस्त्यावर टाका. पाच-सहा जण होते. वेगवेगळ्या गावचे, मामीला कुणीच ओळखत नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटलं, यातला एखादा तरी उठेल. सचिवाशी उद्या सगळ्यांनाच काम पडणार होतं.

"माझा हुक तुटलाय," पहिला म्हणाला. हुक धडधाकट दिसत होता.

"माझ्यात डिझेल न्हाई."

तिसरा एक म्हातारा होता. तो बोनेटवर बसून तंबाखू मळत होता. मळत असतानाच म्हणाला, "मी न्हाई वढत. माझ्या घरच्या बाया त्या नाल्यापशीच बसत्यात. त्यायच्यासाठी कोन वढलं? मी वढणार न्हाई, तुमी माझी तूर घ्या न्हाईतर नका घिऊ."

बाकीचे जागचे हलले नाहीत. सचिवांनी कानामागचं पेन काढलं, परत लावलं, आणि हापिसात निघून गेले. मामीनं कौसाआत्याला दोन्ही हातांनी खाली घेतलं, काठी दिली, आणि मोठ्यानं विचारलं, सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं, "कौसाबाई, पाणी पेणार का?"

कौसाआत्यानं नळावर ओंजळ धरली. एकदा प्याली, दोनदा प्याली. मग म्हणाली, "गार हाये बाई."

दुकानात आत्या गादीवर बसली ती तीन तास उठली नाही. दुकानदाराला वाटलं असेल, लंगडी म्हातारी आहे, दोन साड्या दाखवून मोकळं व्हावं. त्याला ही बाई माहीत नव्हती. "हा काठ फिकट पडणार." "याच्यात पोत न्हाई." "हे तुमी जालन्याहून आनलं का? मंग तिथंच परत पाठवा." दुकानदाराच्या माणसांनी वरच्या फळीवरचे गठ्ठे काढले, मग आतल्या खोलीतले. नवऱ्या मुलाची आई आधी नाराज होती, नंतर तीच विचारायला लागली, "आत्याबाई, माझं बी बघता का जरा?" मंदाचा शालू आत्यानं निवडला. पिवळा, जांभळ्या काठाचा. मग मामी म्हणाली, आता तुझं. आत्या म्हणाली, माझं कशाला? मामी म्हणाली, "तुझ्या पसंतीचं लुगडं तू कदी नेसलीस ते सांग, मंग नको घिऊ." आत्यानं हिरवं घेतलं. घडीवर हात फिरवत ती बसून राहिली, आणि दुकानदारानं न विचारता तिच्यासाठी चहा मागवला.

दुपारी उशिरा दोन पोती तूर हर्राशीत गेली. रीतसर.

पुढच्या बाजारच्या दिवशी मोंढ्याच्या फाटकावर ट्रॉल्यांची रांग लागली. प्रत्येकीत घरची माणसं आणि मागं दोन पोती. तूर, मूग, ज्वारी. एकानं तर नुसतं बोरांचं टोपलं आणलं होतं. "माल काय?" "बोरं." आडते, म्हणजे बोली लावणारे दलाल, वैतागले. दोन-दोन पोत्यांची बोली लावता लावता त्यांचे घसे बसले. त्यांनीच समितीत ओरड केली की या बायकांचं काहीतरी करा. आम्ही दोन अर्ज केले त्यानं झालं नव्हतं, ते बोरांच्या टोपल्यानं झालं.

बैठकीला मामीला बोलावलं. मी बरोबर होतो, कागद घेऊन. सभापती समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई, मोंढा मालासाठी आहे, माणसांसाठी नाही."

"बराबर," मामी म्हणाली. "हे लिवून द्या."

"काय?"

"आत्ता म्हनलात ते. तुमच्या शिक्क्यानं लिवून द्या. हा पोरगा छापून गावोगाव वाटंल. वाचता न येणाऱ्याला वाचून बी दाखवील."

सभापतींनी माझ्याकडं बघितलं. मी पेन पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मागचं मैदान मिळालं. काटेरी झुडपांनी भरलेलं, पण भिंतीच्या आतलं, चार लिंब असलेलं, आणि कापडगल्लीकडं दार काढता येईल असं. झुडपं गावोगावच्या बायकांनीच तोडली. नळ ओढून घेतला. पत्र्याचे संडास उभे राहिले त्या दिवशी सभापती नारळ फोडायला आले. मामी आधी आत जाऊन बघून आली. बाहेर येऊन सगळ्यांपुढं म्हणाली, "कडी आतून कुठाय?" कडी बाहेरूनच होती. बांधणाऱ्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. सभापती नारळ हातात धरून उभे राहिले, सुताराला बोलावलं, आतून कडी बसली, मामीनं लावून-उघडून पाहिली आणि मग म्हणाली, "आता फोडा."

फलक रंगवणाऱ्यानं लिहिलं होतं, ट्रॅक्टर-ट्रॉली वाहनतळ. मामीनं खाली एक ओळ घालायला लावली: बायामाणसांसह आलेल्यांना आधी जागा. रंगाऱ्याच्या अक्षरात ती ओळ जरा वाकडी आली आहे. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ती जास्त माणसांनी वाचली असेल.

मी पुढं कामासाठी परतूरकडं राहायला गेलो. एका उन्हाळ्यात तालुक्याला काम निघालं म्हणून मैदानाकडून गेलो. भर दुपार. लग्नसराईचे दिवस, मैदान ट्रॉल्यांनी गच्च. पोरं झाडाखाली पळत होती, कुठं डबे सुटले होते, कुठं नवरीच्या बांगड्यांवरून वाद चालला होता. मामीची ट्रॉली मला छतावरून ओळखू आली. तिच्या सावलीत, दोन चाकांच्या मध्ये वाकळ टाकून, गोदामामी झोपली होती. तोंड उघडं, एक हात डोक्याखाली, चपला उशाशी. शेजारी कौसाआत्या चहा फुंकून पीत होती.

मी हाक मारायला वाकलो तशी आत्यानं बोट ओठांवर ठेवलं.

"उठवू नको. बाजाराला चाळीस वर्सं येऊन राह्यली ती. इथं पाठ टेकलेली आज पहिल्यांदा पाह्यली मी."

तेवढ्यात फाटकाकडून कुण्या जीपवाल्यानं भोंगा वाजवला. एकदा, मग जोरात, मग लांबच लांब. त्याला वाट पाहिजे होती. मामीनं कूस बदलली, पाय आणखी लांब केले, आणि घोरायला लागली.